दार्फुरसाठी आपल्या खासदारांना बोलतं कसं करायचं: सोलापूरकरांसाठी पायरी-पायरीने

माझा भाचा खार्तूमच्या एका कारखान्यात मेकॅनिक होता. १५ एप्रिल २०२३ ला तिथं सुदानचं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल, म्हणजे सगळे ज्यांना ‘आरएसएफ’ म्हणतात ते, यांच्यात लढाई जुंपली. भाचा बसने पोर्ट सुदानला, तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दाला आणि मग घरी आला. ‘ऑपरेशन कावेरी’त सरकारने असे ३,८०० हून अधिक लोक सुखरूप आणले. त्याच्याबरोबरचा फोरमन मात्र मागे राहिला. तो सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फुर प्रदेशातल्या अल-फाशर शहराचा. भाच्याच्या डब्यातली शेंगाची चटणी त्याला फार आवडायची. अरबीत शेंगदाण्याला ‘फूल सुदानी’ म्हणतात, तेव्हा ही चटणी मूळची आमचीच, असं तो म्हणायचा. लढाई सुरू झाल्यावर तो आईवडिलांकडे अल-फाशरला गेला. मे २०२४ पासून त्या शहराला वेढा पडला आणि २६ ऑक्टोबर २०२५ ला ते आरएसएफच्या हाती गेलं. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. भाच्याने त्या दिवसानंतर पाठवलेल्या प्रत्येक मेसेजला एकच टिक आहे.

मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नाईल नदी फळ्यावर किती वेळा काढली असेल, पण त्या नदीच्या देशासाठी सोलापुरातून काय करता येईल हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही सहा-सात जणांनी धडपड केली, तीन वेळा चुकलो, चौथ्यांदा कागद दिल्लीपर्यंत पोचला. त्या तीन चुका तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी साखळी कागदावर काढा

‘सुदानमधला नरसंहार थांबवा’ असं पत्र कोणालाही लिहिता येतं आणि म्हणूनच ते कोणालाच लागू पडत नाही. तुमच्या सहीपासून अल-फाशरमधल्या बंदुकीपर्यंत कोणकोण येतं ते एका ओळीत मांडा. आमची ओळ अशी होती: आम्ही, आमचे खासदार, परराष्ट्र मंत्रालय, अबू धाबी, आरएसएफ.

अबू धाबी कशासाठी? संयुक्त अरब अमिरातीमार्गे आरएसएफला शस्त्रं पोचत असल्याचे आरोप ‘विश्वासार्ह’ आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ च्या सुरुवातीच्या अहवालात म्हटलं. अमिराती हे आरोप साफ नाकारते. या दोन्ही गोष्टी पत्रात एकापाठोपाठ लिहायच्या, त्यातली एक गाळायची नाही. भारताचं अमिरातीशी बोलणं आहे, व्यापार आहे, लाखो माणसं तिथं कामाला आहेत. १ मे २०२२ पासून दोन्ही देशांत मुक्त व्यापाराचा करार लागू आहे. दोघेही ब्रिक्स या देशांच्या गटात आहेत आणि २०२६ साली ब्रिक्सचं अध्यक्षपद भारताकडे आहे. ज्याचं बोलणं ऐकलं जातं त्यालाच बोलायला लावायचं, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा अर्थ.

असं कधी झालंय का, हे तुम्हाला नक्की विचारलं जाईल. याच दार्फुरच्या बाबतीत झालं आहे. २००३ पासून तिथं जंजावीद टोळ्या फुर, मसालित, झगावा या समाजांची गावं जाळत होत्या. आजची आरएसएफ त्याच टोळ्यांतून उभी राहिली. तेव्हा सुदानचं तेल मोठ्या प्रमाणात घेणारा देश होता चीन. मे २००७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या १०८ सदस्यांनी चीन सरकारला पत्र लिहून बजावलं, की दार्फुरबद्दल तुम्ही हालचाल केली नाही तर २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकवर त्याचं सावट पडेल. त्याच महिन्यात चीनने दार्फुरसाठी खास दूत नेमला आणि ३१ जुलैला सुरक्षा परिषदेत शांतिसेनेच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. हा ठराव क्रमांक १७६९. जवळपास २६ हजार सैनिक आणि पोलिसांची ती तरतूद होती. हत्या त्याने पूर्ण थांबल्या नाहीत, हेही सांगायचं. पण अडून बसलेला देश हलला, आणि तो हलावा म्हणून बऱ्याच जणांनी जोर लावला होता.

आपल्या गावाला चीनचा हा संदर्भ परका नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या घरात स्मारक आहे. परक्या मुलखातल्या माणसाचं दुःख आपलं काय लागतं, असं कोणी विचारलं की आम्ही त्यांना आधी तिथं नेतो.

२. तुमचे खासदार नक्की कोण, ते बघा

सोपं वाटतं, पण आमच्या पहिल्या सह्यांच्या कागदावर निम्मी नावं भलत्याच मतदारसंघातली निघाली. सोलापूर जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे.

- शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढा: सोलापूर लोकसभा.
- करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस: माढा लोकसभा. यात साताऱ्यातले फलटण आणि माणही येतात.
- बार्शी: जिल्हा सोलापूर असला तरी लोकसभेला धाराशिवकडे.

बार्शीच्या माणसाची सही सोलापूरच्या खासदारांच्या पत्रावर घेतली, तर त्या सहीला तिथं वजन नाही. तिन्ही मतदारसंघांसाठी वेगळे कागद करा.

आमदार, महापौर, नगरसेवक यांच्याकडे जाऊ नका असं नाही, पण परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय आहे. विधानसभेत त्यावर काही घडणार नाही. राज्यसभेत मात्र महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत आणि ते कोण्या एका मतदारसंघाचे नसतात. त्यांतल्या कोणालाही लिहिता येतं. आणखी एक बघून घ्या: तुमचे खासदार केंद्रात मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. मग शेजारच्या मतदारसंघाचे किंवा राज्यसभेचे खासदार गाठायचे.

आमची पहिली चूक इथलीच. आम्ही रिवाजाप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन दिलं, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. आम्हाला वाटलं काम झालं. निवेदनाचं पुढं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही.

३. शब्द नीट वापरा

मराठीत आपण कोणत्याही मोठ्या कत्तलीला नरसंहार म्हणतो. कायद्यातला शब्द त्याहून नेमका आहे. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी जो करार मंजूर केला, त्यात एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वंशीय किंवा धार्मिक गटाला पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं असा अर्थ आहे. हेतू सिद्ध करणं हाच त्यातला अवघड भाग. म्हणून मी पत्रात ‘वंशसंहार’ लिहिते आणि तो शब्द कोणी वापरला तेही लिहिते. ७ जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आरएसएफ आणि तिच्या साथीदारांनी वंशसंहार केल्याचं जाहीर केलं. पत्रात हे ‘अमेरिकेने जाहीर केलं’ असंच आलं पाहिजे. खासदारांचा सहायक पत्र वाचताना ‘हे कोण म्हणालं?’ असंच विचारत वाचतो.

या कराराला भारताने १९५९ मध्ये मंजुरी दिली. त्याच्या पहिल्याच कलमात वंशसंहार रोखण्याचं आणि त्याला शिक्षा देण्याचं वचन आहे. तुमच्या पत्राचा खरा आधार तो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये बोस्नियाच्या खटल्यात सांगितलं, की रोखण्याची ही जबाबदारी प्रत्येक देशावर त्याच्या प्रभावाच्या प्रमाणात येते. ज्याचा शब्द जास्त चालतो त्याच्यावर जास्त.

इथं एक सापळा आहे, ज्यात आमचे वकील मित्रही सापडले. ‘भारताने अमिरातीला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचावं’ अशी मागणी करू नका. सुदानने मार्च २०२५ मध्ये तसा दावा केला होता. करारावरचे वाद या न्यायालयात नेता येतात ते त्याच्या नवव्या कलमाखाली, आणि अमिरातीने त्या कलमाला आक्षेप नोंदवलेला असल्याने न्यायालयाने मे महिन्यात तो दावा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच काढून टाकला. आणि नवव्या कलमाबद्दल भारतानेही आक्षेप नोंदवलेला आहे. म्हणजे जी मागणी मुळात चालणार नाही तिच्यापायी पत्र बाजूला पडणार.

४. मागण्या तीनच ठेवा

आमचं दुसरं पत्र चार पानी होतं. रात्र-रात्र जागून लिहिलं होतं. एका खासदार कार्यालयातल्या स्वीय सहायकाने ते शांतपणे पूर्ण वाचलं आणि विचारलं, “मॅडम, वाईट वाटतंय वाचून. पण यात साहेबांनी नेमकं काय करायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन आम्ही चार पानांतून तीन ओळी काढल्या:

एक, भारताने अमिरातीशी होणाऱ्या वरच्या पातळीवरच्या बोलण्यात दार्फुरचा विषय काढावा आणि आरएसएफवरचा प्रभाव वापरून नागरिकांना सुरक्षित वाट व मदतीला मोकळीक मिळवून देण्याचा आग्रह धरावा. दोन, दार्फुरवर सुरक्षा परिषदेची २००४ पासून असलेली शस्त्रबंदी सर्व देशांनी पाळावी, असं भारताने जाहीरपणे म्हणावं. तीन, अमिरातीमार्गे भारतात येणारं सोनं मुळात कुठल्या खाणीतलं आहे, याची तपासणी करावी.

तिसरी मागणी पाहून लोक थबकतात, म्हणून थोडं सांगते. सुदानचं सोनं मोठ्या प्रमाणात अमिरातीत जातं आणि त्या सोन्यावर ही लढाई पोसली जाते. भारत अमिरातीकडून व्यापार कराराखाली सवलतीच्या शुल्कात सोनं आणतो. सह्यांच्या टेबलावर आमच्या एका मैत्रिणीने हातातली बांगडी काढून भिंगाखाली धरली. आतल्या बाजूला हॉलमार्कची खूण आणि सहा अक्षरी क्रमांक. ती खूण सोनं किती शुद्ध ते सांगते, कुठून आलं ते सांगत नाही. बायकांना हे लगेच पटतं. सराफांनाही पटलं, दोघांनी तिथंच सह्या केल्या.

५. पत्र एका पानाचं

मराठीत लिहा, आपले खासदार मराठी वाचतात. पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडा, कारण पुढं ते मंत्रालयात जाणार आहे. नमुना देते, तसाच उतरवू नका. तुमचं दार्फुरशी काय नातं, ती दोन वाक्यं तुमची हवीत. एकसारखी छापील शंभर पत्रं एका गठ्ठ्यात जातात.

*मा. खासदार, सोलापूर लोकसभा मतदारसंघ, यांस सविनय नमस्कार.*

*विषय: दार्फुरमधील हत्या थांबाव्यात यासाठी संयुक्त अरब अमिरातीशी बोलणी करण्याबाबत.*

*मी आपल्या मतदारसंघातील मतदार आहे. (इथं तुमची दोन वाक्यं.) अल-फाशर शहर २६ ऑक्टोबर २०२५ रोजी आरएसएफच्या ताब्यात गेल्यापासून तेथील नागरिकांच्या हत्येचे पुरावे समोर आले आहेत. आरएसएफला अमिरातीमार्गे शस्त्रपुरवठा होत असल्याचे आरोप विश्वासार्ह असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने नमूद केले आहे. अमिरातीने ते नाकारले आहेत. वंशसंहारविरोधी करारानुसार असे गुन्हे रोखण्याचे वचन भारताने दिले आहे. अमिराती हा आपला मित्रदेश असल्याने भारताच्या शब्दाला तेथे किंमत आहे.*

*आपणांस विनंती की, आपण (१) परराष्ट्रमंत्र्यांना आपल्या लेटरहेडवर पत्र लिहावे, (२) येत्या अधिवेशनात सोबत जोडलेला प्रश्न विचारावा, (३) नियम ३७७ खाली हा विषय मांडावा.*

खाली पूर्ण नाव, पत्ता, विधानसभा मतदारसंघ, फोन, सही. नियम ३७७ म्हणजे काय ते पुढच्या पायरीत सांगते.

‘मित्रदेश’ हा शब्द मुद्दाम आहे. अमिरातीला शिव्या घालणारं पत्र कोणीही पुढं पाठवणार नाही.

६. प्रश्न तुम्हीच लिहून द्या

सगळ्यात जास्त उपयोग या पायरीचा होतो, म्हणून इथं वेळ द्या. खासदारांना रोज कितीतरी विषय येतात. तयार प्रश्न हातात दिला तर काम अर्ध्यावर येतं.

लोकसभेच्या प्रश्नांना कडक नियम आहेत. प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नको. त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप, विशेषणं नकोत. मंत्र्यांचं मत विचारायचं नाही. मित्रदेशाबद्दल असभ्य उल्लेख नको. आणि सर्वात महत्त्वाचं, जी गोष्ट भारत सरकारच्या जबाबदारीत येत नाही ती विचारता येत नाही. आमचा पहिला प्रश्न होता: ‘अमिराती आरएसएफला शस्त्रं देते हे खरं आहे काय?’ हा टिकणार नाही, कारण अमिराती काय करते याचं उत्तर द्यायला आपले मंत्री बांधील नाहीत. भारताने काय केलं, एवढंच विचारायचं. दुरुस्त केल्यावर तो असा झाला:

*परराष्ट्रमंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय: (अ) दार्फुरमधील नागरिकांच्या हत्येबाबत भारताने संयुक्त अरब अमिरातीशी चर्चा केली आहे काय; (ब) असल्यास, कोणत्या पातळीवर व केव्हा; (क) दार्फुरवरील शस्त्रबंदीच्या अंमलबजावणीबाबत भारताने कोणती पावले उचलली; आणि (ड) सुदानमधील नागरिकांसाठी भारताने आतापर्यंत पाठवलेल्या मदतीचा तपशील काय?*

सोन्याचा प्रश्न यात घुसडू नका. तो वाणिज्य किंवा अर्थ मंत्रालयाचा, त्यासाठी वेगळा प्रश्न करा.

नोटीस किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीअखेर, पावसाळी जुलैत, हिवाळी नोव्हेंबरअखेर सुरू होतं असं धरून महिनाभर आधी कार्यालयात पोचा. एका दिवसासाठी तोंडी उत्तराचे २० आणि लेखी उत्तराचे २३० प्रश्नच घेतले जातात आणि निवड चिठ्ठ्या टाकून होते. आमचा प्रश्न चिठ्ठीत आला नाही. पुढच्या अधिवेशनात पुन्हा द्यायचा. तोंडी उत्तराचा हट्ट धरू नका, लेखी उत्तर कागदावर राहतं आणि ते दाखवून पुढचं मागता येतं.

नियम ३७७ नवख्यांना सोपा पडतो. खासदार २५० शब्दांपर्यंतचा मजकूर सभागृहात मांडतात आणि संबंधित मंत्रालय त्यांना लेखी उत्तर पाठवतं. तेवढ्या शब्दांत मजकूर बसवून द्या, मोजून.

याचिका हाही मार्ग आहे. लोकसभेकडे याचिका करताना ती हिंदी किंवा इंग्रजीत हवी, मराठीत असेल तर सहीनिशी भाषांतर जोडायचं. एका खासदारांची प्रतिस्वाक्षरी लागते आणि पत्रं, प्रतिज्ञापत्रं असलं काही जोडायचं नाही. वेळखाऊ आहे. आधी प्रश्न आणि ३७७ करून बघा.

७. कार्यालयात जाताना

सोबत एवढं असू द्या:

- पत्राच्या तीन प्रती: एक त्यांना, एक पोच घ्यायला, एक दिल्लीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवायला
- प्रश्न आणि ३७७ चा मजकूर, छापील आणि मोबाइलमध्ये टाइप केलेला, दोन्ही
- मतदार ओळखपत्राची झेरॉक्स
- एका पानाची माहिती: तारखा, कोण काय म्हणालं
- सह्यांचे कागद, पानांना क्रमांक घालून

तीन-चार जणच जा. वीस जणांचा घोळका पाहिला की त्याचं निवेदन होतं, चर्चा होत नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवा. ‘साहेबांच्या कानावर घालतो’ ही पोच नव्हे. आम्ही दुसऱ्या वेळी तशीच ऐकून परत आलो आणि महिन्याने गेलो तेव्हा पत्रच सापडत नव्हतं.

सोलापूरचं कार्यालय रस्ते, पाणी, रेल्वे, हॉस्पिटलची शिफारसपत्रं यांत बुडालेलं असतं. संसदेचं काम दिल्लीतला सहायक बघतो. त्याचा ईमेल मागून घ्या आणि टाइप केलेला प्रश्न त्याच दिवशी पाठवा. आमचं गाडं तिथूनच पुढं सरकलं. आठ दिवसांत खासदारांनी परराष्ट्रमंत्र्यांना लिहिलेल्या पत्राची प्रत आमच्या हातात होती.

८. सह्या गोळा करताना

चौकात टेबल मांडायचं तर पोलीस ठाण्यात लेखी परवानगी घ्या. शहरात पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर काढतं, ते लागू आहेत का ते आधी विचारा. आमच्या मनात दोन तारखा होत्या. ९ डिसेंबर हा कोटणिसांचा स्मृतिदिन आणि वंशसंहाराच्या बळींचा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिनही. दुसरी १२ जानेवारी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी दिलं, आणि वंशसंहारविरोधी करार १९५१ मध्ये त्याच तारखेला लागू झाला. पण १२ जानेवारीच्या आठवड्यात गड्ड्याची यात्रा असते, सगळा बंदोबस्त तिकडे. परवानगी मिळणं कठीण. ९ डिसेंबर बरा.

कागदावर नाव, पत्ता, विधानसभा मतदारसंघ, सही, बस. आधार क्रमांक घेऊ नका. लोक आपणहून देतात, तरी घेऊ नका.

ज्यांची मुलं दुबई-शारजात कामाला आहेत, ती माणसं कचरतात. आमच्या गल्लीत अशी चार घरं आहेत. त्यांना आग्रह करू नका आणि त्यांच्याबद्दल मनात काही धरू नका. तिथं समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे कायदे कडक आहेत. तिकडच्या मुलांना फोटो, पोस्टर, व्हिडिओ काहीही फॉरवर्ड करायचं नाही, हे आपल्या गटात सगळ्यांना बजावून ठेवा.

टेबलावर कोणीतरी येऊन याला हिंदू-मुसलमान वळण द्यायला बघेल, दोन्हीकडून. सरळ सांगा: दार्फुरमध्ये मरणारेही मुसलमान आहेत आणि मारणारेही. मसालित, झगावा, फुर म्हणून जन्माला आले, एवढ्यावरून माणसं मारली जात आहेत. हे ऐकल्यावर आमच्या टेबलावर एक पद्मशाली आजोबा आणि त्यांचे यंत्रमागावरचे जुने सोबती, दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. एकाची तेलुगूत, एकाची उर्दूत. दोन्ही चालतात, शेजारी नाव देवनागरीत लिहून घ्या.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पोस्टरवर लावू नका. दुसऱ्याच युद्धाचा निघाला तर सगळं पत्र खोटं ठरतं. अल-फाशरबद्दल येल विद्यापीठाच्या ह्युमॅनिटेरियन रिसर्च लॅबने उपग्रहचित्रांवरून केलेलं काम आहे, संयुक्त राष्ट्रांची माहिती आहे. तेवढं पुरे. आम्ही पोस्टरवर फक्त आफ्रिकेचा नकाशा काढला आणि त्यात दार्फुर रंगवला.

परदेशी संस्थेने पैसे देऊ केले तर नाही म्हणा. परकीय देणग्यांचा कायदा आहे आणि नोंदणी नसलेल्या गटाला ते घेता येत नाहीत. आमचा सगळा खर्च झेरॉक्स, टपाल आणि चहा मिळून दोन हजारांच्या आत बसला.

९. पाठपुरावा

पोच मिळाल्यावर एकवीस दिवसांनी फोन, मग दर महिन्याला एक. चिडून बोलायचं नाही. दर वेळी एक नवी गोष्ट द्या: नवा अहवाल, नवी तारीख, वाढलेल्या सह्या.

खासदारांचं पत्र मंत्रालयात गेल्याचं कळलं आणि पुढं सामसूम झाली, तर माहितीच्या अधिकारात विचारता येतं. शुल्क १० रुपये, ऑनलाइन भरता येतं, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘भारताने अमिरातीला काय सांगितलं’ असं विचाराल तर परदेशाशी असलेल्या संबंधांना बाधा येईल, असं कारण देऊन कलम ८ खाली नकार येईल. त्याऐवजी ‘अमुक तारखेच्या, अमुक खासदारांच्या पत्रावर कोणती कार्यवाही झाली, ते सध्या कोणत्या विभागात आहे’ असं विचारा. आमच्या अर्जाला विभागाचं नाव मिळालं. पुढचं पत्र आम्ही थेट त्या विभागाच्या नावे पाठवलं आणि प्रत खासदारांना दिली.

सगळ्याची एक फाईल करा आणि ती दोन घरांत ठेवा. आमच्या फाईलच्या पहिल्या पानावर भाच्याने त्या फोरमनचं नाव अरबीत आणि मराठीत लिहून ठेवलं आहे. कार्यालयात बसल्यावर फाईल उघडली की समोरचा माणूस आधी ते पान बघतो आणि हे कोण म्हणून विचारतो. मग बोलणं तिथून सुरू होतं.